मूळ कोणाजवळ, प्रत कोणाजवळ? नकलेच्या शब्दांविषयी काही विचार

परभणी जिल्ह्यातील पाथरी येथे जमिनीच्या कागदाची मागणी करणारा मनुष्य एकाच कामासाठी तीनचार शब्द वापरतो. त्याला सातबाराचा ‘उतारा’ हवा असतो, जुन्या दप्तरातील पानाची ‘नक्कल’ हवी असते, न्यायालयासाठी ‘प्रमाणित प्रत’ हवी असते. आणि या सर्वांची ‘झेरॉक्स’ काढून जवळ ठेवावयाची असते. बोलणाऱ्याच्या दृष्टीने हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. पण त्यांची कुळे भिन्न आहेत, आणि त्यांपैकी एकाचाही मूळ अर्थ ‘सारखेपणा’ असा नाही. हा योगायोग नव्हे.

पाथरीची निवड येथे उगाच केलेली नाही. राजभाषांचे इतके थर एकावर एक बसलेले गाव शब्दांच्या अभ्यासकाला सोयीचे असते. बहमनी सत्तेनंतर हा परगणा इमादशाहीकडे होता. निजामशाहीच्या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असे फेरिश्ता सांगतो, आणि त्याच नात्याच्या ओढीने बुऱ्हाण निजामशहाने 1518 मध्ये पाथरी घेतली. म्हणजे ज्या गावासाठी दोन सुलतान लढले, त्या भांडणाच्या मुळाशी दप्तर लिहिणाऱ्याचे वतन होते. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरी हे एका सरकारचे ठाणे झाले. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी व 1884 पासून उर्दू होती. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

प्रथम दुपटीचे शब्द पाहू, कारण ते नकलेच्या शब्दांहून पुष्कळ सरळ आहेत. ते हाताच्या कामातून आलेले आहेत. ‘दूण’ हा शब्द संस्कृत ‘द्विगुण’ पासून आला, आणि ‘गुण’ म्हणजे मुळात दोरीचा पेड. दोन पेड वळले की दूण होते. ‘दुपटे’ आणि ‘दुपट्टा’ यांत कापडाची दुहेरी घडी अजून डोळ्यांना दिसते. लॅटिनमधील ‘डुप्लिकेट’ हाही घडीचाच शब्द होय : ‘दुओ’ म्हणजे दोन आणि ‘प्लिकारे’ म्हणजे दुमडणे. इंग्रजीतील ‘ट्वाइन’ म्हणजे दोन पदरी दोरा. त्यात ‘टू’ हा संख्यावाचक शब्द लपलेला आहे. अरबी भाषा या कुळाशी असंबद्ध, तरीही तेथे ‘दोन’ आणि ‘दुमडणे’ या दोन्ही कल्पना एकाच धातूतून निघतात. त्याच धातूपासून झालेला ‘मुसन्ना’ हा शब्द उर्दू कायद्याच्या भाषेत दस्तऐवजाच्या दुसऱ्या प्रतीला लावतात. विणकर आणि दोरखंड वळणारा यांनी दोन भाषाकुळांना एकच रूपक पुरविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नकलेचे शब्द मात्र हाताचे नाहीत. ते कचेरीचे आहेत. अरबी ‘नक्ल’ याचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणे. आपला ‘उतारा’ही तसाच प्रवासी आहे. ‘उतरणे’ याच्या मागे ‘उत्’ व ‘तॄ’ यांचा संयोग असून त्यात पाण्यातून पार होण्याची कल्पना आहे. मजकूर एका वहीच्या काठावरून दुसऱ्या कागदाच्या काठावर उतरतो. (विषावरचा उतारा आणि डोंगराचा उतार यांचा गुंता येथे सोडवीत बसण्याचे कारण नाही.) दोन्ही शब्दांना दिसते ते एवढेच : मूळ एका ठिकाणी स्थिर आहे आणि मजकूर तेथून निघून दुसरीकडे पोहोचला आहे. मग ते मूळ कोणाजवळ राहते, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

येथे ‘तालीक’ या विस्मृत शब्दाकडे वळले पाहिजे. निजामशाही व आदिलशाही अमदानीतील मराठी कागदांच्या अखेरीस एक ठराविक आज्ञा आढळते : कचेरीने या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र वतनदारास परत द्यावे. मराठेशाहीतील पत्रांत हीच आज्ञा ‘प्रती’ आणि ‘मूळ पत्र’ या शब्दांनी येते. ‘तालीक’ ज्या अरबी धातूचा आहे त्याचा अर्थ टांगणे, जोडणे असा आहे. तालीक म्हणजे दप्तराला लटकवून ठेवलेली जोड. शब्द बदलले, पण व्यवस्था बदलली नाही. अस्सल कागद प्रजेजवळ राही आणि नक्कल सरकारजवळ. वतनाचा तंटा उपस्थित झाला की वतनदार पेटी उघडून अस्सल पत्र पुढे ठेवी.

इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट प्रकार होता. तेथील ‘कॉपी’ हा शब्द लॅटिन ‘कोपिया’, म्हणजे विपुलता, यापासून आला आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये एखाद्यास मजकूर उतरून घेण्याची मुभा देणे या अर्थाच्या वाक्प्रयोगात हा शब्द येई, आणि तेथून तो उतरून घेतलेल्या मजकुरालाच लागू झाला. मुभा देणारा वरचा, घेणारा खालचा, हे त्यात गृहीत आहे. त्याच देशात ‘कॉपीहोल्ड’ नावाची जमीनधारणा होती. जमीनदाराच्या न्यायसभेच्या नोंदवहीत कुळाचे नाव लागे. नोंदवही जमीनदाराजवळ राही आणि कुळाच्या हाती केवळ तिची नक्कल. ती नक्कल हेच त्याच्या हक्काचे नाव झाले. 1922 च्या कायद्याने ही पद्धत रद्द ठरविली आणि 1926 च्या आरंभापासून ती संपली.

ही तुलना केवळ कुतूहलाची नाही. गावनमुना सात व बारा यांवरून ‘सातबारा’ हे नाव पडले. मूळ नमुना सरकारी दप्तरात, आणि शेतकऱ्याजवळ उतारा. म्हणजे अर्वाचीन महसूलपद्धतीत दख्खनची जुनी मांडणी उलटी होऊन ती कॉपीहोल्डच्या जवळ गेली. पाथरीच्या शेतकऱ्याच्या पूर्वजाला ‘अस्सल’ हा शब्द स्वतःच्या पेटीतील कागदासाठी वापरता येत असे. आता तोच शब्द त्याला कचेरीतील वहीसाठी वापरावा लागतो.

‘प्रत’ या शब्दाची गोष्ट थोडी निराळी. ‘प्रति’ म्हणजे समोर, उलट दिशेने; प्रतिबिंबात, प्रतिध्वनीत तीच आहे. पण मराठीत ‘प्रत’ म्हणजे दर्जा असाही अर्थ रूढ आहे : पहिल्या प्रतीचा कापूस, हलक्या प्रतीची ज्वारी. नमुन्यासमोर धरून पाहण्याची क्रिया दोन्ही अर्थांना साधार वाटते. नकलेची किंमत ठरविण्याची सोय याच शब्दात असावी, हे मराठीचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

एरवी नकलेच्या शब्दांना कमीपणा लवकर येतो. ‘नक्कल’ कागदावरून माणसावर गेली आणि ‘नकल्या’ जन्माला आला. इंग्रजीत ‘डुप्लिकेट’ ही केवळ दुसरी जोड. मराठी बाजारात ‘डुप्लिकेट माल’ म्हणजे सरळ बनावट माल. ‘कॉपी’ तर परीक्षागृहातील गुन्ह्यापुरती उरली आहे. आंधळ्या नकलेची थट्टा करणारे ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे वचनही याच वृत्तीचे. याला अपवाद ‘झेरॉक्स’चा. ग्रीक भाषेत त्याच्या मुळाचा अर्थ केवळ ‘कोरडा’. चेस्टर कार्लसन याने 1938 मध्ये शाईच्या ओलाव्यावाचून पहिली प्रतिमा उमटविली, त्या रीतीवरून हे नाव आले. त्या शब्दाला मूळ आणि प्रत यांच्या नात्याचा पत्ताच नाही, आणि कदाचित म्हणूनच तो निष्कलंक राहिला.

2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू कागद व मोडी दप्तरे पुन्हा उघडावी लागली. एका आडनावासमोरील एका शब्दावर पुढील पिढीचे शिक्षण व नोकरी अवलंबून असल्यामुळे लोक नकलांसाठी कचेऱ्यांत गेले. मिळणाऱ्या कागदाला या वेळी आणखी एक प्रवास घडत होता : उर्दू किंवा मोडी मूळ, तिचे देवनागरी लिप्यंतर वा भाषांतर, आणि त्याची प्रमाणित प्रत. वाहून नेणे हा ‘नक्ल’चा पहिला अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो, मात्र मूळ वाचू शकणारी माणसे आता फार थोडी आहेत, आणि प्रत बरोबर उतरली की नाही हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याच डोळ्यांना आहे.