चौविहारानंतरचा चित्रपट

तळ्याच्या बाजारपेठेत पावसाळी संध्याकाळी गिऱ्हाईक विरळ होते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपलेले असते, आणि उरलेला वेळ घरातील प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये घालवितो. पर्युषणाचे दिवस वगळता, रविवारची ही वेळ मुलांसमवेत एखादा जुना चित्रपट पाहण्यात का घालवू नये?

आरंभ ‘संत तुकाराम’ने करावा. दामले-फत्तेलाल यांचा, ‘प्रभात’चा हा चित्रपट १९३६ सालचा. तुकोबा आपल्यासारखेच दुकानदार घराण्यातले. शिवरायांचा नजराणा ते परत पाठवितात, तेव्हा मुले विचारतील, “का?” ‘अपरिग्रह’ हा शब्द त्यांना पाठशाळेत पाठ झालेलाच असतो, तो पुन्हा ऐकवू नये. जिजाईचा संतापही खोटा नाही, हे मोकळेपणाने बोलावे.

त्यानंतर ‘श्यामची आई’ पाहावा. आचार्य अत्रे यांच्या या १९५३ सालच्या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. साने गुरुजींची ही कथा आपल्याच कोकणातली. कर्जापायी खचत गेलेले ते घर आणि वसुलीस आलेल्या सावकाराच्या माणसाचे ते बोल! आपण व्यापारी, आपल्याही वहीत उधारी असते. “आपण असे कोणास बोलतो का?” असे मुलाने विचारल्यास विषय बदलू नये. बोललो असू, तर तसे सांगावे.

अहिंसा वाणीतही पाळावयाची असते. वडिलांनी ती पाळली की नाही, हे मुलास दुसऱ्या दिवशी गादीवरच कळेल.