नोटीस वहीतली शाळा

तास अर्ध्यावर आलेला असतो आणि दारात शिपाईमामा उभे राहतात. हातात लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची नोटीस वही. बाई खडू खाली ठेवतात, सूचना वाचून दाखवतात, कोपऱ्यात सही ठोकतात, मामा पुढच्या वर्गाकडे निघतात. शनिवारी शाळा सकाळची. ग्रेड परीक्षेची नावे चित्रकलेच्या सरांकडे द्यावीत. सहलीचे संमतिपत्र उद्या न आणल्यास नाव कमी केले जाईल. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खासगी शाळेचा इतिहास लिहायचा, तर सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेपेक्षा या वह्या जास्त कामाच्या. स्मरणिकेत देणगीदारांचे फोटो असतात, वहीत शाळा दिवसभर काय करत होती ते असते. रद्दीत जातात त्या मात्र वह्याच.

आता बहुतेक शाळांत सूचना पालकांच्या मोबाइलवर येते. ‘उद्या पिवळा टी-शर्ट. ज्वारीची दोन कणसे. फोटोसाठी.’ आईबाप रात्री दहाला कणसे शोधत फिरतात, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो गाढ झोपलेला असतो. पूर्वी सूचना मुलाच्या कानावर पडे, ती घरी पोचवणे हे त्याचे काम असे. निम्म्या सूचना वाटेतच गळत, ते निराळे. शाळेच्या सामूहिक जीवनाबद्दल बोलताना कार्यक्रमांची यादी किती लांब आहे याकडे आपण बघतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या यादीतले काम कोणाच्या अंगावर पडते.

या बाबतीत अमळनेरकडे पुन्हापुन्हा वळावे लागते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या तिथल्या हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कूलमध्ये, साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. लिहिणारे एकटे गुरुजी, वाचणारी वसतिगृहातली मुले. शाळेतल्या नि वसतिगृहातल्या घडामोडी, कोणाचे कौतुक, एखादा छोटा निबंध, थोरांची चरित्रे, देशात काय चालले आहे त्याची वार्ता, असे सारे त्यात येई. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही त्यांनी काढले. मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालणारे, खोल्या झाडणारे गुरुजी आपल्याला गोष्टींतून ठाऊक आहेत. त्यापुढे हे दैनिक थोडे मागे पडले. खरे तर वसतिगृहातली वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या घरांची मुले एकमेकांत मुरावीत म्हणून केलेला इतका नेमाचा उद्योग दुसरा क्वचितच सापडेल. आपल्यातल्या कोणाविषयी तरी आज काही लिहिले असेल, या आशेने मुले ते वाचत असणार. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’ असे म्हणणारी सूचना कोणीच आशेने वाचत नाही.

खासगी शाळा म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे काचेची इमारत आणि पिवळ्या बस येतात. पण महाराष्ट्रातले माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांनीच उभे केले. पगारापुरते सरकारी अनुदान नंतर आले. पुण्यात १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा हाताशी टिळक आणि नामजोशी होते, वर्षभरात आगरकर येऊन मिळाले. पहिल्या वर्षी टिळकांनी पगार घेतला नाही. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, आणि पुढे तिच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर काम करण्याची प्रथा पडली. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे, भांडारकर प्रभृतींनी हुजूरपागा म्हणून ओळखली जाणारी मुलींची शाळा सुरू केली. मुंबईच्या उपनगरात तीच गोष्ट: टिळकांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ मध्ये, पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. पार्ले टिळक विद्यालय ही गावाने स्वतःसाठी केलेली सोय होती, आणि पु. ल. देशपांडे तिथेच शिकले.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत तर काम आणि शिक्षण यांत भिंतच ठेवली नव्हती. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले. मुले पाणी भरत, शेतात राबत, एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, हे महाराष्ट्र जाणतो. त्या काळी एका पंगतीला बसणे ही फार मोठी गोष्ट होती. वर्षातून एक दिवस ‘समता सप्ताहा’निमित्त भित्तिपत्रक लावण्याने ती साधत नाही.

आता मोर्चा स्नेहसंमेलनाकडे. गॅदरिंग हा शब्द आपण असा पचवला आहे, की शाळेच्या वर्षाचे त्याने दोन तुकडे होतात: गॅदरिंगच्या आधीचे आणि नंतरचे. तयारी दिवाळीनंतर सुरू होते. वर्गातली बाके मागे सरकतात, पेटीवाले सर इतिहासाच्या तासाला गायब होतात, ‘कोणाच्या घरी जुनी नऊवारी आहे?’ अशी चौकशी होते. ड्रेपरीवाला आणतो ते मावळ्यांचे अंगरखे सगळे एकाच मापाचे, त्यामुळे पाचवीतला तानाजी बाह्यांत हरवतो आणि नववीतल्या शेलारमामाच्या मनगटावर बाही अडकते. मिशीचा डिंक वाळेपर्यंत हसायचे नाही, अशी ताकीद असते. बालवाडीची गाणी पहिल्या अर्ध्या तासात उरकायची, कारण नंतर ती मंडळी झोपतात. विश्वस्तांची भाषणे मात्र कधीच लवकर उरकत नाहीत. शेलापागोट्यांच्या पेटीतून आलेल्या चिठ्ठ्या आधी एखाद्या जाणत्या बाईंच्या हाताखालून जाव्या लागतात. रंगावरून, जाडीवरून कोणाला घायाळ करणाऱ्या चिठ्ठ्या तिथेच फाडल्या जातात. निदान जायला हव्यात.

सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’चे पहिले नाटक, रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’, रंगमंचावर आणले आणि मराठी बालनाट्याला वळण लागले. पुढे मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके शाळांच्या संमेलनांतही शिरली. शिक्षक दिग्दर्शक, कोणाचे तरी वडील नेपथ्यकार, प्रकाशयोजना प्रयोगशाळा सहायकाकडे. आज अनेक शाळांनी हे काम बाहेर दिले आहे. नृत्य बसवायला कोरिओग्राफर, निवेदनाला व्यावसायिक निवेदक, पडद्याच्या जागी एलईडी भिंत, वर फोटोंचे पॅकेज. कार्यक्रम देखणा होतो, यात शंका नाही. शिक्षकांवर आधीच सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे यांचा डोंगर असताना त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तर त्यांना नावे कशी ठेवावीत? पण नाटक बसवताना चौथ्या बाकावरच्या अबोल मुलाचा खणखणीत आवाज ज्या सरांना सापडायचा, त्या सरांची तालमीला गरजच उरत नाही. कोरिओग्राफर समोरच्या रांगेत चांगली नाचणारी मुले घेतो. त्याला तेवढ्याचेच पैसे मिळतात.

पैशांचा विषय निघालाच आहे. विनाअनुदानित शाळांच्या शुल्कावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा २०११ चा. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती नेमावी लागते: मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्षपद पालकाकडे, प्रत्येक इयत्तेतून पालक आणि शिक्षक, आणि पालकांची निवड सोडतीने. चिठ्ठी काढून प्रतिनिधी ठरवण्याची ही कल्पना मला तरी फार शहाणपणाची वाटते. मर्जीतल्या पालकांचे कोंडाळे त्याने फुटते. पण बहुतेक सभांत गाडी शुल्काच्या आकड्यावरच अडते, आणि संमेलनाच्या पोशाखाचे भाडे, सहलीची वर्गणी, ‘ऐच्छिक’ उपक्रमांचा खर्च हे विषय आयत्या वेळच्या विषयांत उरकले जातात.

त्याची झळ कोणाला बसते ते पाहायचे, तर शिक्षणहक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांकडे बघावे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून सूट दिली होती; जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे दार उघडे राहिले. आत आलेल्या मुलीचे शुल्क सरकार भरते, पण लावणीच्या पोशाखाचे भाडे कोण भरणार? ती ‘मला नाचायला आवडत नाही’ असे सांगते आणि प्रेक्षकांत बसते. हजेरीपटावर याची नोंद होत नाही.

उलट दिशेचे उदाहरण पुण्यात आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत शाळांची शिस्तबद्ध पथके उतरवण्यात ज्ञान प्रबोधिनीचा मोठा वाटा. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ही संस्था स्थापली, आणि तिची बर्ची नृत्ये हे मिरवणुकीचे आकर्षण झाले. मुलींची पथकेही आली. रमणबाग, नूमवि, गरवारे या शाळांची पथके गाजली आणि माजी विद्यार्थ्यांनी ती पुढे नेली. पथकात उतरायला पैशांहून मनगट लागते. पावसात ढोलाचे पान उतरते, दोऱ्या ओढून ते पुन्हा चढवावे लागते. हे काम नववीतला मुलगा आणि बँकेत नोकरी करणारा माजी विद्यार्थी एकाच सतरंजीवर बसून करतात. पुढे शाळांबाहेर पथकांचे पेव फुटले, नदीपात्रातल्या सरावाच्या आवाजाने लोक वैतागले. ती तक्रार खोटी नाही. तरीही शाळा सुटल्यावर दहा-वीस वर्षांनी माणसे परत येतात, तीही काम करायला, असे दुसरे ठिकाण मला पटकन आठवत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र भरगच्च असते. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस: १९०० साली याच तारखेला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. मग बालदिन, संविधान दिन, क्रीडास्पर्धा, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. मधे कुठेतरी सहल. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते, त्यामुळे लाल गाडी मिळाली तर वर्गणी आवाक्यात राहते. खासगी आरामगाडीचा आग्रह पालकांचाच असतो, असे शाळा सांगतात. पालक म्हणतात, आम्हाला कोणी विचारलेच नाही.

आणि संमेलन. दहावीच्या पूर्वपरीक्षा तोंडावर असतात, म्हणून अनेक शाळांत त्याची सूत्रे नववीकडे जातात. स्वयंसेवकांची यादी, पाहुण्यांना नारळ कोण देणार, पडदा कोण ओढणार, मोडक्या तलवारी कोण चिकटवणार, हे सगळे चौदा वर्षांची मुले ठरवतात, भांडतात, पुन्हा ठरवतात. काही शाळांत तर खर्चाचा तक्ताही तीच करतात. यंदा कोणत्या नाचाला भाड्याचे कपडे लागतील आणि कोणता शाळेच्या गणवेशात होईल, हा निर्णय त्यांच्या हाती दिला, तर ती तो मोठ्यांपेक्षा वाईट घेतील असे मानायला मला कारण दिसत नाही. मुख्याध्यापकांनी तेवढे नोटीस वहीत लिहावे, आणि मामांनी ती वही आधी नववीच्या वर्गात न्यावी.