मांडवातले व्याख्यान

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ व्याख्यान होते. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या व्यासपीठावरून संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर बोलले. १९४८ साली चिंतामणराव देशमुखांनी तिथेच भारतातल्या मध्यवर्ती बँकेच्या वाटचालीचा आढावा घेतला. दोघांचेही धागे महाडला येऊन मिळतात. एकाचे नाव चवदार तळ्याशी कायमचे जोडलेले, दुसऱ्याचा जन्म महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावातला.

मात्र महाडला झालेले मोठे व्याख्यान पुण्याच्याही आधीचे.

मार्च १९२७ मध्ये इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्यांना प्यायला पाणी मिळेना. चाळीस रुपये मोजून ते विकत घ्यावे लागले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला आले. मांडवासाठी जागा दिली ती फत्तेखान यांनी. २५ डिसेंबरला त्या मांडवात बाबासाहेबांनी १७८९ सालची फ्रान्सची राष्ट्रसभा श्रोत्यांपुढे उभी केली, महाडच्या सभेची तिच्याशी तुलना केली आणि आपला चवदार तळ्याचा लढा केवळ पाण्यापुरता नाही, समतेचा आहे, हे सांगितले. त्याच वर्षी, ८ जूनला, कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. बहाल केली होती. एवढ्या व्यासंगाचे विवेचन त्यांनी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांपुढे मराठीत मांडले आणि त्यातला आशय जराही पातळ केला नाही. कोकणातल्या ज्ञानव्यवहाराचा इतिहास लिहायचा, तर त्याचे पहिले पान या मांडवाला द्यावे लागेल.

देशमुखांची वाट निराळी. रोहे-तळ्याच्या शाळांतून निघालेला हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचा मानकरी ठरला आणि पुढे केंब्रिजला त्याने वनस्पतिशास्त्राचे बक्षीस मिळवले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६२ पासून पाच वर्षे त्यांनी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. त्यांच्या नावाने रिझर्व्ह बँक स्मृती व्याख्यान भरवते. १९८४ मध्ये निकोलस काल्डोर आणि २०१३ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ या व्याख्यानासाठी मुंबईत येऊन गेले.

महाडच्या उत्तरेला, महामार्गावरच, लोणेरे आहे. १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे आहे आणि २०१४ च्या कायद्यानंतर राज्यभरची महाविद्यालये त्याला संलग्न होऊ शकतात. महाडला आंबेडकर महाविद्यालय आहे, घाटांच्या पायथ्याशी पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय. तिथल्या वाणिज्य शाखेच्या मुलांना रेपो दर पाठ असतो. पण तो ठरवणाऱ्या बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर शेजारच्या नाते गावचा, हे त्यांना जगातल्या पहिल्या प्रतीच्या अर्थतज्ज्ञासमोर बसून कळायला हवे. देशमुख व्याख्यानासाठी येणाऱ्या पाहुण्याने एखाद्या वर्षी लोणेऱ्यालाही बोलावे, भाषणाचा मराठी अनुवाद आठवडाभर आधी या महाविद्यालयांत पोचावा आणि पहिला प्रश्न पोलादपूरच्या विद्यार्थ्याने विचारावा. विद्यापीठाने रिझर्व्ह बँकेला तसे पत्र धाडायला हरकत नाही.