तळ्यातली जांभळी फुले

लोह्याहून नांदेडला जाताना गोदावरीच्या पुलावरून कधी खाली पाहिलेत? हिरवेगार कुरण वाटते, ती जलपर्णी! दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आलेली ही पाहुणी सांडपाण्यावर पोसते आणि उन्हाळ्यात सुमारे 2 आठवड्यांत दुप्पट होते. जाळ्याला चिकटलेले एक रोप आपल्या लिंबोटीच्या धरणात पडले, तरी तेवढे तिला पुरते.

म्हणून थोडी आहे तोवरच, फूल येण्याआधी, मुळासकट काढा. बी गाळात पडले तर 15-20 वर्षे जिवंत राहते. काढलेली काठावर टाकू नका. पावसात पुन्हा पाण्यात जाते. (बहुतेक ठिकाणी श्रम इथेच वाया जातात.) तिच्यात शेकडा 90 हून अधिक पाणी असते, तेव्हा आधी सुकवा, मग गाडीत भरा. लांब खड्ड्यात शेणकाल्याबरोबर कुजवली तर खत होते. शहरी सांडपाण्यातली मात्र जनावरांना घालू नका.

तणनाशकाने ती एकदम मेली, तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. 1982 साली परदेशातून आणलेले भुंगे तिची पाने खातात, पण त्यांना वर्षे लागतात.

आणि हो, पाण्यात उतरताना कमरेला दोर बांधा, काठावर दोघे उभे ठेवा. मुळांच्या गुंत्यात पाय अडकतो.