खडी, मिलो आणि कामाचा हक्क

नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर नरखेड महाराष्ट्रात आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, दोन्हीकडे मराठी. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत राज्यही एकच होतं. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेला. सौसर-पांढुर्णा हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. पुढे याचा परिणाम मजुरांना जाणवला. सरकारकडे काम मागण्याचा कायदेशीर हक्क नरखेडला 1979 मध्येच मिळाला. पांढुर्ण्याला तो मिळाला केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आल्यावर, 2006 नंतर.

हा हक्क महाराष्ट्रातल्या 1972 च्या दुष्काळातून आला. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी म्हणजे मिलो, पोरांना सुकडी हा पोषक आहार आणि मोठ्यांना दुष्काळी कामं. बायामाणसं भर उन्हात खडी फोडत आणि मापाप्रमाणे मजुरी घेत. मे 1973 मध्ये अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. लोक जगले, पण खडीच्या ढिगानं शेतात पाणी थोडंच मुरतं?

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह होता की मजुरी द्यायचीच, तर मागे काही टिकणारं उभं राहावं. त्यातून आलेल्या रोजगार हमी योजनेत पाझर तलाव, नालाबांध झाले. 1990 पासून फळबाग लागवडही तिला जोडली गेली. पैसा शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून 1975 च्या व्यवसाय कराने आला. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून: मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

मदतीवर लोक जगतात, पण मागे काही टिकत नाही, हा पेच इथिओपियापुढेही होता. एरिट्रियाशी 1998 ते 2000 युद्ध झालं, दुष्काळ वारंवार येत होते आणि दरवर्षी जगापुढे धान्यासाठी हात पसरावा लागत होता. 2005 मध्ये तिथे उत्पादक सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. गरीब कुटुंबांना वर्षातले सहा महिने रोख किंवा धान्य मिळे आणि त्याबदल्यात ती डोंगरउतारावर दगडी बांध घालत, रस्ते करत. म्हाताऱ्या-आजाऱ्यांना कामाविना मदत मिळे. पुढे सत्तर लाखांहून अधिक लोक यात आले.

महाराष्ट्राच्या योजनेपेक्षा फरक होता. तिथे लाभार्थी गावसमिती निवडे, आणि पैसा बहुतांशी परदेशी देणगीदारांचा होता. 2020 मध्ये इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात पुन्हा युद्ध पेटलं, नोव्हेंबर 2022 मध्ये ते थांबलं. जून 2023 मध्ये धान्याची चोरी उघडकीला आल्यावर अमेरिका आणि जागतिक अन्न कार्यक्रमानं देशभरची धान्यमदत रोखली. उपाशी कुटुंबाला दाद मागायला रोजगार हमीसारखा कायदा तिथे नव्हता.