बाप्तिस्मा आणि विसावा यांमधली आठ वर्षे

मी रोहिणखेडचा. आजवर गावाजवळ झालेल्या जुन्या लढायांचाच शोध घेत आलो. पंडिता रमाबाईंकडे वळलो तो वेगळ्या कारणाने. आई गेल्यावर सगळे विधी यथासांग केले, तरी मन ठिकाणावर येईना. काहीतरी करायचे राहून गेले, ही टोचणी होती. त्या दिवसांत रमाबाईंचे १९०७ सालचे इंग्रजी आत्मनिवेदन शब्दकोश जवळ घेऊन वाचले आणि एका कबुलीजबाबापाशी थबकलो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यांचे टीकाकार आणि चाहते, दोघेही याच तारखेपाशी थांबतात. रमाबाई स्वतः मात्र तिथे थांबत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. म्हणजे धर्मांतर १८८३चे आणि विसावा १८९१च्या सुमाराचा. मधल्या काळात त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, पुस्तक लिहिले, १८८९मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. एवढे करूनही आत अस्वस्थता होतीच.

असे का व्हावे? उत्तर त्यांच्या बालपणात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थोतीर्थी हिंडले. व्रते, उपास, दाने झाली. पुण्य जोडता जोडता घर रिकामे झाले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुण्य कमवावे लागते, हा हिशेब मुलीच्या मनात खोल रुजला होता. नव्या धर्मातही तिने आधी तोच मांडला: प्रार्थना, नियम, सेवा. धर्म बदलला, वही तीच राहिली!

ती वही मिटायला इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र निमित्त झाले. हा गृहस्थ धर्मोपदेशक असूनही बऱ्याच उशिरा, स्वतःच्याच प्रवचनादरम्यान पालटला होता. रमाबाईंना उमगले, की तारण ही मजुरी नव्हे, देणगी आहे. ती जात, लिंग वा गुण पाहून मिळत नाही. स्त्रियांना मोक्षाचा अधिकार नाही असे ऐकत वाढलेल्या बाईला यातून केवढा आनंद झाला असेल, हे वेगळे सांगायला नको.

विसावा म्हणजे हातपाय गाळणे, असा इथे कोणाचा समज होईल. घडले उलटेच. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. शिवाय मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचे काम अखेरपर्यंत चालले. आधी काम विसाव्यासाठी होते, नंतर विसाव्यातून काम निघाले. दुःख मात्र टळले नाही. १९२१मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः.

मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. पण आईच्या बाबतीत माझी वही किती वर्षे उघडी होती, हे या बाईंमुळे कळले. तिने माझ्याकडून कधी हिशेब मागितला नव्हता. हे ध्यानी आल्यापासून झोप बरी लागते.