एनिड ब्लायटन : आई आणि लेखिका

इंग्रज बाललेखिका एनिड ब्लायटन (१८९७–१९६८) लहान असतानाच त्यांचे वडील घर सोडून गेले, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहिले पती ह्यू पोलॉक यांच्याशी घटस्फोट झाल्यावर त्यांनी स्वतःच्या मुलींचीही पित्यापासून ताटातूट केली, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत वेदनादायक भाग होय. धाकटी कन्या इमोजेन यांनी १९८९ च्या आत्मकथनात मायेला पारखे झालेले बालपण मांडले, तर थोरल्या जिलियन यांच्या आठवणीत तीच आई प्रेमळ होती. या दोन्ही साक्षी एकत्र वाचाव्या लागतात. लेखनाबाबतही असेच आहे : त्यांच्या ‘नॉडी’ या बालपुस्तकांच्या मालिकेतील गॉलिवॉग, म्हणजे कृष्णवर्णीयांचे विडंबन करणारा बाहुला, नंतरच्या आवृत्त्यांत बदलण्यात आला आणि त्यावर घेतला गेलेला वंशवादाचा आक्षेप रास्तच होता. तथापि शेकडो पुस्तकांतून कोट्यवधी मुलांना वाचनाची गोडी लावल्याचे त्यांचे श्रेय त्यामुळे पुसले जात नाही.